नवतपा, कूलरचा पंप आणि देशाचा मध्य

नागपूरच्या माणसाशी पाच मिनिटं बोला, तो झिरो माइलच्या खांबाचा विषय काढणारच. आपलं गाव देशाच्या मध्यावर आहे, दिल्ली-चेन्नईची लाइन आणि मुंबई-हावड्याची लाइन आपल्याच इथं एकमेकीला कापते, श्रीनगर-कन्याकुमारीचा ४४ नंबरचा हायवे आपल्याकडून जाते आणि सुरतकडून ओडिशात जाणारा ५३ नंबर पण आपल्याकडूनच, वगैरे वगैरे. मीही पाहुण्यांना तो दगडी खांब आणि बाजूचे चार घोडे दाखवत हिंडलेलो आहे, उभे राहा, फोटो काढतो म्हणत. पण यंदाच्या मे महिन्यात डोक्यात प्रकाश पडला की मध्यावर असणं म्हणजे काय, तर सगळं आपल्या इथून जाते. जाते. थांबतेच असं काही नाही.

झालं असं की ऐन नवतप्यात कूलरचा पंप गेला. बाहेरच्या लोकांसाठी सांगून ठेवतो, नवतपा म्हणजे २५ मेच्या आसपास सुरू होणारे ते नऊ दिवस, तेव्हा ४५ डिग्री ही आमच्याकडे बातमी नसते, सिग्नलवर हिरवी जाळी बांधलेली असते आणि समोरचे दोनचार जण सोडले तर अख्खी पब्लिक झेब्रा क्रॉसिंग सोडून त्या जाळीच्या सावलीत मागेच गाड्या लावून उभी असते, सिग्नल हिरवा झाला तरी पुढे सरकायला जिवावर येते. आमच्या हॉलच्या खिडकीला पत्र्याचा डेझर्ट कूलर आहे. त्याचा पंप बंद म्हणजे पाणी वर चढत नाही, खस कोरडी, आणि मग एसटीत बोनेटजवळच्या सीटवर बसल्यावर पायाला जी हवा लागते ना, तशी हवा तो हॉलभर फेकते, वरून आवाज फुल.

आधी रीतसर बर्डीवर, म्हणजे आमच्या सीताबर्डीच्या बाजारात गेलो. दुकानदार म्हणे, "भाऊ, नवतप्यात पंप मागून राहिले तुम्ही? माल संपला. भिवंडीवरून गाडी निघाली आहे, येऊन राहिली." कधी येईल विचारलं तर त्यानं असं वर बघितलं की जसं काही गाडी विमानानंच येणार आहे. म्हणून मग घरी येऊन ऑनलाइन मागवला. तोही भिवंडीहूनच येणार होता, पण निदान मोबाइलवर दिसला तर असता.

आणि दिसला ना! रात्री भिवंडीच्या गोदामातून निघाला, सकाळी उठून बघतो तर नागपूर. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, आता मुंबईकडून आठ-नऊ तासात माणूस येते तर पंप काऊन नाही येणार. मी बायकोला म्हटलं, टाकीत पाणी भरून ठेव. संध्याकाळी स्टेटस बघितलं, 'नागपूर हबमधून रवाना'. खुश. दुसऱ्या दिवशी बघितलं, 'हैदराबाद हबला पोहोचलं'.

आता पंपाला हैदराबादला काय काम असेल यावर आमच्या सोसायटीत बरीच चर्चा झाली. शेजारचे काका ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये राहिलेले, त्यांनी समजावलं की बाप्पा, कंपनी तुमच्या घरी पार्सल पाठवत नसते, कंपनी हबला पार्सल पाठवते. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला गाडी सोडली तर दिवाळं निघेल, म्हणून सगळा माल एका जागी आणायचा, तिथं पट्ट्यावर छाटायचा, आणि जिकडचा तिकडे धाडायचा. छाटणाऱ्यानं चुकीच्या पिंजऱ्यात टाकलं की गेलं हैदराबादला. मग उतरलं की परत फिरणार. घाबरू नका म्हणे, देशातली कोणतीही चुकलेली वस्तू नागपूरवरूनच परत जाते.

मुख्य म्हणजे हा हबचा धंदा आपल्याच गावाचा आहे हो. १९४९ साली टपाल खात्यानं रात्रीची हवाई डाक सुरू केली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार गावांहून चार विमानं रात्री उडायची आणि मध्यरात्री आपल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरायची. इथं थैल्यांची अदलाबदल, दिल्लीवाल्याची थैली मद्रासच्या विमानात, मद्रासवाल्याची मुंबईच्या, आणि उजाडायच्या आत चारही विमानं घरी. अमेरिकेत फेडएक्सनं १४ विमानं घेऊन मेम्फिसला हेच सुरू केलं तेव्हा १९७३ साल उजाडलं होतं, आणि मॅनेजमेंटवाले पोट्टे त्याच्याच केस स्टडी वाचून राहिले. आमच्या सोनेगावचं नाव कोणी घेत नाही. तेव्हाच्या मद्रासच्या पत्राला दिल्लीला जायला एक रात्र लागायची, आणि माझा पंप मोबाइलवर टिंब होऊन आंध्र-तेलंगणाची हवा खात बसलेला.

असो. पंप परत वाडीच्या गोदामात आला. वाडी ते आमचा सोमलवाडा फार तर दहा-बारा किलोमीटर. ट्रान्सपोर्टवाले सांगतात की अख्ख्या प्रवासात शेवटचा तुकडाच सगळ्यात महाग पडते, कारण तोपर्यंत माल ट्रकभर एकत्र येतो आणि आता एकेक डबा एकेका दारात न्यायचा असतो. ते खरं असेल, पण त्यांच्या हिशोबात आमचा वर्धा रोड नसेल. तिथं खाली रस्ता, त्याच्यावर गाड्यांचा पूल, त्याच्यावर मेट्रो, ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर, गिनीज बुकात नाव आहे (गणितवाल्यांनी आकडा बघून खुश व्हावं). भर दुपारी फोन वाजला.

"सर, पार्सल आहे, कुठी यायचं?"

"उज्ज्वलनगर मेट्रो स्टेशन दिसते का?"

"दिसून राहिलं ना, एकदम डोक्यावर आहे."

"मग तिथंच थांब, मी आलो."

"थांबू कसा सर, मी पुलावर आहे."

मोबाइलवर त्याचं टिंब अगदी माझ्या टिंबावर. मी खाली डोक्याला दुपट्टा बांधून, तो वर माझ्या पंपासकट, नकाशाला कुठं कळते कोण कोणत्या मजल्यावर आहे. पूल मध्ये सोडत नाही, तो थेट एअरपोर्टकडे उतरला, यू-टर्न घेतला, आणि बिचारा सवयीनं परत पुलावर चढला. मी खालून हात हलवला, त्यानं वरून हॉर्न वाजवला, इतका जवळचा संबंध आमचा.

शेवटी आला एकदाचा. पोट्टा घामानं चिंब, त्याला आधी पन्हं दिलं, मग ओटीपी. बायकोनं डबा उघडला, पंप बाहेर काढला, आणि कंपनीचं स्टिकर मोठ्यानं वाचलं. निर्मिती, एमआयडीसी हिंगणा, नागपूर. म्हणजे आमच्या घरापासून पाऊण तासावर तयार झालेला पंप भिवंडीला गेला, समृद्धीनं परत आला, हैदराबाद करून आला, पूल बघून आला आणि मग माझ्या दारात आला.

"हिंगण्याले?" बायको म्हणाली. "तिथं तर माझा मामेभाऊच राह्यते."