आमचे हे जमैकाचे वाटत नाहीत

आमचे हे जमैकाचे. टोरांटोत मी हे कुठेही सांगितलं की समोरचा माणूस आधी ह्यांच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि मग पुन्हा ह्यांच्या डोक्याकडे. डोक्यावर काही नाही. कानांच्या वर दोन्ही बाजूंना जरा झालर आहे, तीही हे न्हाव्याकडे जाऊन बारीक करून घेतात. उंची बेताची, चष्मा जाड, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. नाक-डोळे खापरपणजोबांनी चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून आणले ते जसेच्या तसे. आता एवढ्या सामग्रीत जमैका शोधायचं कुठे, हा समोरच्याचा प्रश्न. काही लोक मोठ्या मनाने आम्हाला सुटायला वाट करून देतात. "अच्छा, न्यूयॉर्कमध्ये जमैका नावाचा एक भाग आहे, तिथले का?"

"नाही. बेट. कॅरिबियन."

"पण मूळचे?"

"क्लॅरेंडन जिल्ह्याचे."

"नाही, त्याच्याही आधी?"

त्याच्याही आधी हे आईच्या पोटात होते, आणि तेही क्लॅरेंडनमध्येच. पण हे स्वभावाने शांत. ते नुसतं हसतात. घरातली वकिली माझ्याकडे असते.

मग साक्षीपुराव्यांची फेरी सुरू होते. जमैकाचा माणूस धावतो. 2009 मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने शंभर मीटर 9.58 सेकंदांत संपवले होते. आमच्या ह्यांना तेवढ्या वेळात चष्मा सापडत नाही. डोळ्यांसमोरून बस सुटली तरी हे पावलाचा वेग बदलत नाहीत, दुसरी येईल म्हणतात. जमैकाचा माणूस नाचतो. हे लग्नातसुद्धा पंगतीच्या बाजूला उभे राहतात. आणि जमैकाचा माणूस, इथे विचारणारा आवाज खाली आणतो, डोळा बारीक करतो आणि म्हणतो, "काय मग, माल वगैरे?"

ह्यांना उदबत्तीच्या धुरानेही शिंका येतात. सत्यनारायणाला मी ह्यांना दाराजवळ बसवते. हे कॅथलिक असल्यामुळे चर्चमध्येही धुपाचं संकट आहेच, तिथेही शेवटचा बाक. माल विचारणाऱ्या काकांना मी एकदा सविस्तर सांगितलं, की काका, 1845 च्या मे महिन्यात कलकत्त्याहून निघालेलं मजुरांचं पहिलं जहाज जमैकाला लागलं, आणि गांजाचं रोप नि चिलीम ह्या मजुरांबरोबरच तिथे पोचली असं बहुतेक इतिहासकार मानतात. मटणाचा मसालेदार रस्साही त्यांचाच, तो आता बोकडाच्या करीच्या रूपात तिथल्या प्रत्येक लग्नात असतो. तेव्हा मालाची चौकशी करायची तर ती आम्हीच आपल्याकडे करायला हवी. काका हिरमुसले. लोकांना उत्तर नको असतं, दुजोरा हवा असतो.

खरा घोटाळा केसांचा आहे. जटा नाहीत म्हणजे जमैकन नाही, हा जगाचा ठाम निकाल. आता जटा राखणारा तिथला धर्मपंथ म्हणजे रास्ताफारी, आणि 2011 च्या जनगणनेत स्वतःला रास्ताफारी म्हणवणारे लोक जमैकात शंभरात साधारण एक निघाले. उरलेले नव्याण्णव कचेरीत जातात, शाळेत शिकवतात, रविवारी चर्चला जातात आणि डोक्याला तेल लावतात. बरं, त्या एकाचंही तिथे फार कौतुक होतं असं नाही. 1963 मध्ये कोरल गार्डन्सला गडबड झाली, तेव्हा पोलिसांनी रास्ता लोकांना धरधरून आणलं, मारलं, त्यांच्या जटा कापल्या. सरकारने त्याबद्दल माफी मागितली 2017 साली. मधल्या काळात त्याच जटा लोकरीच्या टोपीला शिवून विमानतळावर पर्यटकांना विकायचा धंदा मात्र व्यवस्थित चालू होता. ती टोपी लाल, पिवळी, हिरवी. जमैकाच्या झेंड्यात लाल रंगच नाही; काळा, हिरवा आणि सोनेरी, एवढेच तीन. लाल आला तो इथिओपियाच्या झेंड्यातून, रास्ता लोकांमार्फत. हे मी दुकानात टोपी हातात धरून विक्रेत्याला सांगितलं होतं. त्याने शांतपणे विचारलं, "मग घेताय का?"

ह्यांच्या घराण्याचं सांगायचं तर जमैकात चिनी मजूर पहिल्यांदा 1854 मध्ये आले. उसाच्या मळ्यातलं काम त्यांना झेपेना की पटेना, पण करार संपल्यावर बरेच जण दुकानदारीत शिरले. पुढे पुढे तर गावागावात चिन्याचं दुकान झालं. पाव किलो खारा मासा, अर्धा पाव, दोन मेणबत्त्या, आणि पैसे शुक्रवारी. आमचे आजेसासरे असंच दुकान चालवत. त्यांचं आडनाव वेगळंच होतं, पण गिऱ्हाइकांच्या दृष्टीने सगळे चिनी दुकानदार म्हणजे "मिस्टर चिन". आयुष्यभर त्यांना शेजारच्या गावच्या दुकानदाराच्या नावाने हाक आली आणि आयुष्यभर त्यांनी ओ दिली. म्हणजे दिसण्यावरून बारसं करायची हौस फक्त परदेशातच आहे असं म्हणायची सोय नाही.

आणि तो टी-शर्टावरचा जटावाला रेगे गायक, बॉब मार्ली! त्याचे वडील गोरे. त्याची पहिली तबकडी 1962 मध्ये काढली ती लेस्ली काँग ह्या चिनी वंशाच्या जमैकन निर्मात्याने. किंग्स्टनच्या ऑरेंज स्ट्रीटवर त्याच्या घरच्यांचं आइस्क्रीमचं दुकान होतं, तिथेच रेकॉर्डही विकत. तेव्हा मार्लीचे केसही आखूड होते. आज तो तसाच आमच्याबरोबर कुणाच्या घरी जेवायला आला असता, तर त्यालाही विचारलं असतं, "पण मूळचे?"

आमच्या सांगलीच्या मंडळींचा प्रश्न वेगळा. त्यांच्या मते वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट, आणि जमैका म्हणजे मायकेल होल्डिंग. लग्न ठरल्याचं मी फोनवर सांगितलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "फास्ट बोलर आहे का?" 1971 मध्ये आपल्या गोव्याच्या दिलीप सरदेसाईंनी किंग्स्टनच्या सबाइना पार्कवर 212 धावा काढल्या, ती कॉमेंटरी बाबा अजून ऐकल्यासारखी सांगतात. विमानतळावरून आम्ही घरी आलो, जावई दारात उभे राहिले, आणि बाबांची नजर ह्यांच्या डोक्यावरून अर्धा हात वर, जिथे होल्डिंगचा चेहरा असायला हवा होता तिथे गेली. मग हळूहळू खाली आली. आईने मात्र परिस्थिती सावरली. हे आपल्या पद्धतीने तिला "वा ग्वान?" म्हणाले, म्हणजे काय चाललंय. आईला "भगवान" ऐकू आलं. तेव्हापासून ती अख्ख्या गल्लीत सांगते, की जावईबापू देवाचं नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत.

नातेवाईकांच्या ग्रुपवरही जमैकाविषयी मतं आहेत. 2019 मध्ये जमैकाची टोनी-ॲन सिंग मिस वर्ल्ड झाली. तिचे वडील भारतीय वंशाचे. झालं, मावशीपासून मावसभावापर्यंत सगळ्यांचे निरोप: "सिंग म्हणजे आपलीच की!" ज्या लोकांना क्लॅरेंडनमध्ये जन्मलेले आमचे हे जमैकन म्हणून पटत नाहीत, त्यांना जमैकाची सुंदरी एका आडनावावर आपली वाटते. जमैकाची माणसं आमच्याकडे दोनच प्रकारची मान्य आहेत: जटावाली किंवा आपली.

टोरांटोत तर खाण्याच्या पदार्थालाही ह्यातून जावं लागलेलं आहे. जमैकन लोक बीफ पॅटी म्हणतात ती पिवळसर खुसखुशीत पारीत मसालेदार खिमा भरलेली करंजी. 1985 मध्ये कॅनडा सरकारच्या निरीक्षकांनी विक्रेत्यांना कळवलं, की नियमाप्रमाणे बीफ पॅटी म्हणजे हॅम्बर्गरमधली मांसाची चपटी टिक्की; तुमची ही वस्तू तशी दिसत नाही, सबब हे नाव लावू नये. विक्रेते भांडले, वर्तमानपत्रं पेटली, शेवटी "जमैकन पॅटी" ह्या नावावर तडजोड झाली. हे ही हकिकत फार प्रेमाने सांगतात. त्यांचं म्हणणं, निदान पॅटीच्या बाजूने वर्तमानपत्रं तरी उभी राहिली.

एकच जागा अशी आहे जिथे ह्यांची उलटतपासणी होत नाही. आमच्या भागात हाक्का जेवणाचं एक हॉटेल आहे. मालक कलकत्त्याचे हाक्का चिनी, ते माझ्याशी फर्मास हिंदीत बोलतात, "दीदी, चिली चिकन तीखा बनाऊँ?" आमचे हेही हाक्काच, पण ह्यांना हिंदी येत नाही आणि हाक्का भाषा आजीबरोबर गेली. मग मालक इंग्रजीत कलकत्ता बोलतात, हे इंग्रजीत क्लॅरेंडन बोलतात, आणि मी मधे बसून दोघांचं भाषांतर करते. शेजारच्या टेबलावरचे लोक जेवायचे थांबतात.

जमैकाला गेल्यावर तर मजाच. माँटेगो बेच्या बाजारात एका बाईने आरोळी दिली, "मिस्टर चिन, स्वस्तात देते!" ह्यांनी मागे वळून पाट्वात, म्हणजे तिथल्या बोलीत, जे काही ऐकवलं, त्यातलं मला अर्धंही कळलं नाही, पण बाई हसून हसून स्टुलावरून घसरली. तिने पुढे एकच विचारलं, की जिल्हा कुठला. ह्यांनी सांगितलं. तिची वहिनी तिथलीच निघाली. लगेच भाव उतरला, आणि ती जटांची टोपी तिने माझ्यापुढे धरली. ह्यांना ती विकायचा विचारसुद्धा तिच्या मनाला शिवला नाही.

हे सगळं सहन होत होतं, पण मग इथल्या एका मंडळाने गणपतीत "देशोदेशीचे पोशाख" स्पर्धा ठेवली. सेक्रेटरी वहिनींचा फोन आला, "तुमच्या मिस्टरांना जमैका म्हणून उभं करा ना, अस्सल माणूस मिळेल आम्हाला." मला भरून आलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी अस्सल म्हणालं! हे तयार झाले. पांढरा शर्ट, करड्या रंगाची पँट, चकचकीत बूट, म्हणजे रविवारी चर्चला जाताना क्लॅरेंडनचा कोणताही दुकानदार असायचा तसे. विंगेत वहिनींनी ह्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

"अहो, पण ह्यात जमैका कुठे आहे?"

"वहिनी, आत आहे. ते स्वतःच जमैकाचे आहेत."

"ते खरं हो, पण परीक्षकांना कसं कळणार?" असं म्हणून त्यांनी पिशवीतून लाल-पिवळी-हिरवी टोपी काढली, खाली हातभर जटा. ह्यांनी नम्रपणे मान हलवली. टोपी वाया जायला नको, म्हणून वहिनींनी ती समोर दिसलेल्या ठाण्याच्या जोशांच्या मुलाला घातली. तो खरं तर बाजीप्रभू होऊन आला होता. ढाल काढून घेऊन हातात प्लॅस्टिकची गिटार दिली.

मंचावर हे गेले तेव्हा निवेदिकेच्या हातातला कागद कुठला होता देव जाणे. तिने ह्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आत्मविश्वासाने माइकवर सांगितलं, "आणि आता आपल्या भेटीला येत आहे, चीन!" टाळ्या पडल्या. हेही वाकून आले. निकाल असा: प्रथम क्रमांक जमैका, चिरंजीव जोशी. उत्तेजनार्थ, चीन. प्रमाणपत्र, नारळ आणि पन्नास डॉलरचं कूपन. माझा पारा चढला होता, पण हे मोदक खाण्यात गर्क.

तेवढ्यात जोशांची सौ. फोन घेऊन आली. "भाऊजी, आमच्या जमैकाचा एक फोटो काढता?" ह्यांनी काढला. चष्मा वर करून, नीट, दोनदा. जटा सावरत मुलाने ह्यांना विचारलं, "अंकल, तुम्ही जमैकाला कधी गेलाय का?"

"गेलो होतो एकदा," हे म्हणाले. "जन्मायला."

"वॉव! बीच होता?"

"होता. पण आमचं दुकान बीचपासून फार लांब होतं."