गहू, दूध, डाळी जन्मभर सोडून आयबीएस जात नाही

आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणजे पोटदुखी, गॅस, जुलाब किंवा बद्धकोष्ठ असा दीर्घकाळ चालणारा आतड्याचा त्रास. त्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज सतत फिरतो: आयबीएस म्हणजे आतड्यात साचलेली घाण, रोज गव्हाचा कोंडा खा, गहू-दूध-डाळी जन्मभर सोडा, आजार मुळापासून जाईल. तो वाचून लोक भीतीपोटी निम्मं ताट रिकामं करतात, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

आधी घाणीचं. आयबीएसमध्ये दुर्बिणीतून पाहिलं तर आतडं सहसा निरोगीच दिसतं. बिघाड असतो तो आतड्याच्या हालचालीत आणि संवेदनेत. एरवी जाणवणारही नाही एवढ्या गॅसने या माणसाच्या पोटात कळ येते. पोट साफ करणारी चूर्णं त्यावर इलाज नव्हेत.

कोंड्याने तर अनेकांचं पोट आणखी फुगतं. 2009 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नेदरलँड्समधली चाचणी प्रसिद्ध झाली. तीत इसबगोलाने आराम पडला, कोंड्याने तसा पडला नाही. उलट त्रास वाढल्याने कोंडा घेणारे बरेच जण मध्येच गळाले. तेव्हा तंतू (फायबर) हवा असेल तर इसबगोल, तोही थोड्यापासून सुरू करून, भरपूर पाण्यासोबत.

गव्हाबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. गहू सोडून बरं वाटतं हे अनेकांच्या बाबतीत खरं आहे, पण दोष बहुधा ग्लुटेनचा, म्हणजे गव्हातल्या प्रथिनाचा, नसून फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाचा असतो. तेच कांद्या-लसणातही असतं. म्हणजे पोळी सोडून ज्वारीची भाकरी सुरू केली आणि रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण तसंच राहिलं, तर पोट कसं शांत होणार? फ्रुक्टान तेलात उतरत नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या तर स्वाद राहतो, त्रास टळतो. कांद्याऐवजी पातीचा फक्त हिरवा भाग वापरावा. आणि कृपा करून, गहू सोडण्याआधी सीलिॲकची (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची) रक्ततपासणी करून घ्या. गहू बंद केल्यावर ती केली तर आजार असूनही निगेटिव्ह येऊ शकते.

दूध ज्यांना लॅक्टोज (दुधातली साखर) पचत नाही त्यांनाच बाधतं, आणि त्यांतल्याही अनेकांना थोडं दही चालतं. राजमा-छोले जड जातात. मुगाच्या डाळीचं पातळ वरण बहुतेकांना सोसतं.

‘जन्मभर’ हा शब्द मात्र सरळ खोडला पाहिजे. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी लो-फॉडमॅप आहार मांडला, म्हणजे फ्रुक्टान-लॅक्टोजसारखी नीट न शोषली जाणारी, आतड्यात आंबणारी कर्बोदकं कमी असलेला आहार, तोही तीन टप्प्यांचा. त्रासदायक पदार्थ 2 ते 6 आठवडेच बंद ठेवायचे, मग एकेक परत आणून पाहायचा, आणि जो बाधतो तेवढाच कमी करायचा. आहारतज्ज्ञ सोबत असले तर उत्तम. सगळंच कायम बंद ठेवलं तर कॅल्शियम कमी पडू शकतं आणि आतड्यातले उपयोगी जिवाणूही घटतात. आजार मुळापासून घालवणारा आहार आजतरी नाही. त्रास आटोक्यात राहतो, आणि रुग्णाला तेवढंही फार मोठं असतं.

शौचातून रक्त पडणं, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, रक्तक्षय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास असेल, तर आहाराचे प्रयोग बाजूला ठेवून आधी पोटविकारतज्ज्ञांकडे जा.