सातवा टाका

आमच्या कुत्रीचं नाव चटणी. रंग लालबुंद आणि स्वभावही तसाच. नाव फक्त हाक मारण्यापुरतं. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून चटणीला चटणी बंद आहे. रविवारी घरात तांबड्या-पांढऱ्याचा वास सुटला की तिचे दोन तुकडे वेगळ्या पातेलीत नुसत्या पाण्यात शिजतात. खाते बिचारी, पण आमच्या ताटाकडं बघत.

तिचं ऑपरेशन करायचं ठरलं ते गल्लीतल्या कुत्र्यांमुळं. वर्षातून दोनदा आमच्या फाटकासमोर आठ-दहा जण धरणं धरून बसायचे, रात्रभर घोषणा. शिवाय उतारवयात गर्भाशयात पू होऊन कुत्री दगावते, तेही टळेल असं डॉक्टर म्हणाले. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवून सकाळी नेली, संध्याकाळी आणली. गर्भाशय, अंडाशय सगळं काढलेलं. रिक्षात माझ्या मांडीवर ती ओल्या पोत्यासारखी पडली होती. बायकोनं रिक्षातच अंबाबाईला ओटी बोलून टाकली.

त्या रात्री घरात शांतता होती. पुढं नव्हती.

"१०-१२ दिवस फक्त एवढं सांभाळा," डॉक्टर म्हणाले होते. "उडी नाही, अंघोळ नाही, चाटणं नाही. जखम रोज दोनदा बघायची. थोडी लाली चालेल; पू, वास, सूज दिसली तर लगेच आणा." आता उडी न मारणारी चटणी म्हणजे भिजवलेला फटाका. पण डॉक्टर 'फक्त' म्हणाले.

चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा भोंगा. सकाळी शुद्धीवर येऊन ती तडक दाराकडं निघाली आणि चौकटीला धडकली. मागं आली, जोर घेतला, पुन्हा धडकली. तिसऱ्यांदा दाराऐवजी माझ्या पोटऱ्या सापडल्या. हे जास्त बरं, असं तिचं मत झालं असावं, कारण त्यानंतर आमच्या घरातल्या चारही माणसांच्या पोटऱ्या काळ्यानिळ्या झाल्या. पाण्याचं भांडं भोंग्यात नेमकं बसायचं. पाणी पिऊन झालं की ती भांड्यासकट फिरायला निघायची.

शेजारचे तात्या फाटकावरून म्हणाले, "कुठल्या मंडळाचा कर्णा म्हणायचा ह्यो? आवाज यीना न्हवं."

आई मात्र भोंग्याकडं वेगळ्याच नजरेनं बघत होती. "प्लास्टिक चांगलं जाड आहे," एवढंच म्हणाली.

गोळ्यांचं काय सांगावं! मटणाच्या तुकड्यात लपवून दिली की मटण पोटात आणि गोळी फरशीवर, चाटूनपुसून स्वच्छ. "आपली अंगदुखीची अर्धी देऊन बघू का?" असं आईनं विचारलं, त्यावर डॉक्टर फोनवर इतक्या मोठ्यानं "नाही!" म्हणाले की चटणीनंही मान वर केली. माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडतं म्हणे. तात्यांचा उपाय साधा होता: "हळद दाबा. तालमीत आमी हळदीवरच जगलो." त्यांना नाही म्हणताना मला डॉक्टरांपेक्षा जास्त धैर्य लागलं.

रात्रीपुरता भोंगा काढून लेकीची जुनी फुटबॉलची जर्सी घालून बघितली, पाठीवर गाठ मारून. सकाळी अंगणात बसून तिनं ती मागून भिजवली. पलीकडच्या पेठेतला पोरगा बघून हसला तेव्हा लेक रडकुंडीला आली. भिजण्याचं काही नाही, टीमचा अपमान झाला. पुन्हा भोंगा.

पण खरा प्रसंग जखम बघण्याचा. सकाळी सात. बायको डोक्याकडं, मी पोटाकडं, लेकीच्या हातात मोबाइलचा टॉर्च. चटणीला पोट खाजवून घ्यायची भारी हौस, त्यामुळं तिला वाटायचं सण आहे. शेपटी फरशीवर दाणदाण, मागचे पाय हवेत, त्यातला एक माझ्या चष्म्यावर. तात्या भिंतीवरून ओरडायचे, "पट काढा, पट!" भादरलेल्या गुलाबी पोटावर मधोमध दोन बोटं लांबीची रेघ आणि तिच्यावर निळ्या दोऱ्याच्या गाठी, टोकं मुंगीच्या मिशांसारखी उभी. पहिल्या संध्याकाळी मी त्या मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवल्या होत्या: ७.

पाचव्या दिवशी भरल्या सहा.

पुन्हा मोजल्या. सहाच. एक टाका गेला! बायकोनं फरशी झाडली, लेकीनं सोफ्याखाली बघितलं, मी चटणीचं तोंड उघडून आत बघितलं. फोटो काढून डॉक्टरांना पाठवला, सव्वासातला. पाच मिनिटांत फोन.

"जखम उत्तम आहे. टाके सहाच घातलेत." थोडं थांबून, "पहिल्या दिवशी तुम्ही एक सड मोजलंय."

फोन स्पीकरवर होता. भिंतीपलीकडं तात्यांच्या दोन म्हशी आहेत, आणि मध्ये तात्या.

"चाळीस वर्सं म्हशीचं दूध पितायसा," ते म्हणाले, "आन सड वळखू यीना व्हय?"

त्यानंतर पुढचे काही दिवस माझे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गंगावेशीत दूधकट्ट्यावर गेलो. समोर धार काढून फेसाळ ग्लास हातात देणाऱ्या माणसाला मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. त्यानं म्हशीकडं बोट केलं. "मोजून घ्या, साहेब. चारच हायत."

बाराव्या दिवशी टाके काढले. कात्रीचा कट् असा आवाज सहा वेळा आला. मी मोजला, मनातल्या मनात. टेबलावरून उतरवल्यावर चटणीनं दवाखान्याभोवती तीन चकरा मारल्या आणि बारा दिवसांच्या उड्या चार मिनिटांत संपवल्या.

घरी आल्यावर भोंगा माळ्यावर टाकायला शोधला, तर गायब. संध्याकाळी स्वयंपाकघरात आई तांदळाच्या डब्यापुढं बसलेली. घासूनपुसून लख्ख केलेला भोंगा डब्याच्या तोंडात, अरुंद बाजू खाली, आणि पोत्यातले तांदूळ त्यातून झरझर उतरत होते.

"नरसाळं कधीचं आण म्हणत होते," आई म्हणाली.

चटणी दारात आली, भोंगा बघितला आणि खाटेखाली शिरली.