‘सोलर बसवा, बिल विसरा’? जरा थांबा

सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘पीएम सूर्यघर योजनेत सरकार छतावर फुकट सोलर बसवून देतंय. महिन्याला 300 युनिट मोफत, लाईट गेली तरी घर चालू, उरलेली वीज विकून कमाई.’ योजना खरी आहे, चांगलीही आहे. मेसेज मात्र तिचं नाव खराब करतोय.

‘फुकट बसवून देतंय’: नाही. पहिल्या 2 किलोवॉटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, असं घरामागे जास्तीत जास्त 78,000 रुपये अनुदान. पुढे कितीही पॅनल लावा, आकडा हलत नाही. अनुदान ठरवताना सरकारनेच 3 किलोवॉटची किंमत 1,45,000 धरली आहे. शिवाय हे पैसे सगळं बसून, नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज दोन्ही मोजणारा मीटर) लागून, तपासणी झाल्यावर खात्यात येतात. तोवर पदरचे घाला नाहीतर कर्ज काढा.

‘300 युनिट मोफत’: ती सरकार देत नाही, आपलंच छत देतं. 1 किलोवॉटला दिवसाला साधारण 4 युनिट धरतात, म्हणजे 3 किलोवॉटला महिन्याला 350च्या आसपास. आषाढात हा हिशेब विसरा. पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत असेल तर उन्हाळ्यातही. आणि बिल शून्यावर आलं तरी स्थिर आकार चुकत नाही.

‘लाईट गेली तरी घर चालू’: सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. शेजारच्या काकांकडे मे महिन्यात भर दुपारी वीज गेली. वर पॅनल तापलेले, खाली पंखा बंद. काकांनी लगेच विक्रेत्याला फोन लावून झापलं. पण यंत्रणेत बिघाड नव्हताच. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, जोडलेला इन्व्हर्टर लाईन गेली की स्वतःहून बंद होतो, कारण आपल्या छतावरची वीज तारेत उतरली तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. वीज गेल्यावरही घर चालवायचं तर बॅटरी आणि तिच्यावरही चालणारा हायब्रिड इन्व्हर्टर हवा. बॅटरीसाठी वेगळं अनुदान नाही.

‘वीज विकून कमाई’: महाराष्ट्रात नेट मीटरिंगमध्ये जास्तीची युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळती होतात. 31 मार्चला जी उरतील, तेवढ्याचेच पैसे, तेही राज्याच्या वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने. 300च्या पुढच्या युनिटला आपण जो दर मोजतो, त्याच्या तो जवळपासही नाही. महिना 80 युनिट जाळणाऱ्याने कमाईच्या आशेने 3 किलोवॉट लावणं म्हणजे दोघांसाठी लग्नाचा हंडा चढवणं.

गंमत म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. 2024 मध्ये वीज ग्राहक हक्क नियम बदलले. 10 किलोवॉटपर्यंतच्या सोलरच्या अर्जाला आता बसवण्याआधीच्या तांत्रिक तपासणीची वाट पाहावी लागत नाही, अर्ज मंजूर धरला जातो. काकांचा अर्ज त्यातच सुटला.