ज्युलियाचा फोटो मी इथे टाकणार नाही

गेल्या आठवड्यात एका पेजवर ज्युलिया पास्त्रानाचा फोटो दिसला. जिवंतपणीचा नाही, ती गेल्यावर मसाला भरून उभ्या केलेल्या तिच्या देहाचा. वर लिहिलेलं 'जगातली सगळ्यात कुरूप बाई, शेवटपर्यंत वाचा' आणि खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय, पोस्ट मोठी होणार आहे.

ज्युलिया मेक्सिकोच्या सिनालोआ भागातली, तिथल्या आदिवासी समाजातली, जन्म 1834 चा. जन्मतःच चेहऱ्यावर आणि अंगभर दाट काळे केस, हिरड्या जाड वाढलेल्या त्यामुळे ओठ पुढे आलेले, उंची जेमतेम साडेचार फूट. आज डॉक्टर सांगतात की हा जनुकांमुळे होणारा दुर्मिळ आजार आहे, तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. सिनालोआच्या गव्हर्नरच्या घरी ती कामाला होती. तिथून बाहेर पडली आणि 1854 च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर तिकीट लावून लोकांना दाखवली गेली, 'अस्वल बाई' म्हणून. वीस वर्षांची पोर.

मला सगळ्यात जास्त राग कोणाचा येत असेल तर तिकीट काढून बघायला येणाऱ्यांचा नाही, शिकलेल्यांचा येतो. अलेक्झांडर मॉट नावाच्या न्यूयॉर्कच्या डॉक्टरने तिला तपासून सांगितलं की ही माणूस आणि ओरांगउटान नावाचं वानर यांचा संकर आहे. डॉक्टरने! असं मत मिळाल्यावर खेळवाल्याला अजून काय पाहिजे, त्याची तर जाहिरातच झाली. बॉस्टनमध्ये सॅम्युअल नीलँड नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने ती पूर्णपणे माणूस आहे असं स्पष्ट सांगितलं, पण माणूस आहे हे ऐकायला कोण पैसे देतं. आणि पुढे 1868 मध्ये डार्विननेही आपल्या पुस्तकात तिचा उल्लेख केला, बाई देखणी होती पण दाट दाढी होती अशा अर्थाचा, आणि तिला चक्क स्पॅनिश नर्तकी म्हटलं. एवढा मोठा माणूस, पण तिचा देशसुद्धा नीट लिहिला गेला नाही.

ती गायची. इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत. नाचायची सुंदर. म्हणजे स्टेजवरची कलाकार होती ती, पण पोस्टरवर तिचं गाणं कधी मोठं नव्हतं, मोठा होता तो चेहरा. जर्मनीत तर तिच्यासाठी एक नाटक बसवलं, त्यात एक तरुण बुरख्यातल्या बाईच्या प्रेमात पडतो, तो आत गेला की ती प्रेक्षकांकडे वळून बुरखा वर करते आणि लोक हसतात, शेवटी तोही चेहरा बघतो आणि त्याचं प्रेम उतरतं. हे तिला स्वतःला उभं राहून करायचं होतं. बुरखा वर करायचा, हसणं ऐकायचं, बुरखा परत खाली घ्यायचा, आणि दुसऱ्या खेळाला परत तेच.

मला थोडं स्वतःचं सांगायचंय. मला सोळाव्या वर्षापासून पीसीओडी आहे, म्हणजे हॉर्मोन्स बिघडण्याचा त्रास, त्यामुळे हनुवटीवर आणि ओठावर केस येतात. तिचं कारण वेगळं, माझं वेगळं, आणि तिने सोसलं त्याच्या नखाएवढंही मी सोसलेलं नाही हे मला कळतं. पण दर पंधरा दिवसांनी पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसते, ती मुलगी दोरा दातात धरते, ओठाखाली जीभ लावून कातडी ताणून धर म्हणते, डोळ्यातून आपोआप पाणी येतं आणि शेजारच्या खुर्चीतली बाई आरशातून बघत असते, ती नजर मला माहीत आहे. बघून न बघितल्यासारखं करणारी. लग्नाच्या आधी मावशी सगळ्यांसमोर म्हणाली होती, अगं ते ओठावरचं आधी काढून ये, मुलाकडचे यायचेत. वाईट हेतू नव्हता तिचा. पण घरभर माणसं होती आणि सगळ्यांनी एकदम माझ्या ओठाकडे बघितलं.

म्हणून ज्युलियाबद्दल 'दिसायला कुरूप पण मनाने सुंदर' असं कोणी लिहिलं की मला पटत नाही. त्यात पोस्टरवरचा शब्द तसाच ठेवलाय ना आपण, फक्त पुढे 'पण' लावला.

दुसरी गोष्ट तिच्या नवऱ्याची. थिओडोर लेंट, तिचे खेळ लावणारा, त्यानेच तिच्याशी लग्न केलं. अनेक ठिकाणी याची लव्हस्टोरी करून टाकलीय. तिच्या मनात काय होतं ते तिलाच माहीत, प्रेम असेलही तिचं. पण तो कसा होता हे नंतर जे झालं त्यावरून ठरवा. 1860 च्या मार्चमध्ये मॉस्कोत ती बाळंत झाली, मुलगा झाला, त्याच्याही अंगावर तसेच केस. बाळ दोन दिवससुद्धा जगलं नाही आणि पाठोपाठ काही दिवसांत तीही गेली. सव्वीस वर्षांची होती फार तर. लेंटने दोन्ही देह तिथल्या विद्यापीठातल्या सुकोलोव नावाच्या प्राध्यापकाला विकले. त्याने मसाला भरून ते इतके हुबेहूब टिकवले की लोक बघायला यायला लागले, आणि हे कळल्यावर लेंट परत आला, लग्नाचा दाखला दाखवून म्हणाला ही माझी बायको, आणि देह ताब्यात घेतले. 1862 मध्ये लंडनला परत खेळ सुरू. ती तिच्या नाचाच्या पोशाखात उभी, बाजूला एका दांड्यावर बाळ.

तो लग्नाचा दाखला माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. जिवंत असताना तिला त्याचा काय उपयोग झाला?

पुढे त्याने तशाच केसांच्या मारी बार्टेल नावाच्या मुलीशी लग्न केलं, तिचं नाव झेनोरा पास्त्राना ठेवलं आणि ज्युलियाची बहीण म्हणून तिचेही खेळ लावले. यावर मी काही लिहिणार नाही.

देह मग या हातातून त्या हातात. 1921 मध्ये नॉर्वेतल्या एकाने विकत घेतले आणि 1970 च्या दशकापर्यंत जत्रांमध्ये फिरवले, म्हणजे माझी आई शाळेत जात होती तेव्हासुद्धा हे चालू होतं. मग गोदामात चोर घुसले, मोडतोड झाली, बाळाचा देह उंदरांनी खाल्ला. तिचा देह पोलिसांना सापडला आणि शेवटी ऑस्लोच्या विद्यापीठात पोचला.

तिला घरी आणायचं हे मनावर घेतलं लॉरा अँडरसन बार्बाता या मेक्सिकन कलाकार बाईने. 2005 पासून तिने पत्रव्यवहार केला, विनंत्या केल्या, समित्यांच्या मागे लागली, ऑस्लोच्या पेपरात ज्युलियाच्या निधनाची बातमी छापून आणली. शेवटी 12 फेब्रुवारी 2013 ला सिनालोआत तिला पुरलं, पांढऱ्या शवपेटीत, जगभरातून आलेल्या पांढऱ्या फुलांसोबत. गेल्यावर 153 वर्षांनी. बाळ मात्र सोबत नाही.

तर इतक्या खटपटीने झाकलेली ती बाई आपण मोबाइलवर परत उघडी करतोय. गोष्ट सांगा ना, जरूर सांगा, फोटो कशाला लागतो त्याला? त्या पेजला मेसेज केलाय फोटो काढा म्हणून, चार दिवस झाले, सीनसुद्धा झालेला नाही. माझ्या लिस्टमधल्या तिघींनी ती पोस्ट शेअर केलेली दिसतेय. नाव घेत नाही, पण प्लीज काढा गं.