एकच कार्ट, अख्खा जिल्हा

भावा, प्रत्येक मोड्यूलनं, म्हणजे कोडच्या एकेका फाइलीनं, आपली माहिती आपल्यापाशी ठेवावी, दुसऱ्याला लागेल तेवढीच फंक्शनमधून द्यावी, असलं कुठं वाचलं असशील तर विसर. ही पुण्याकडची फॅडं. कोल्हापुरात जे आहे ते सगळ्यांचं.

समज, तू कोल्हापुरी चपला विकायची साइट करतोयस. कार्टची फाइल उघड आणि अगदी माथ्यावर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, 'लेट ग्राहक' आणि 'लेट कार्ट' लिहून टाक, म्हणजे किंमत कधीही बदलता येणारी दोन नावं. भाषा तुझ्याच बाजूची आहे. २०१५ साली जावास्क्रिप्टच्या अधिकृत मानकात आलेलं मोड्यूल एकदाच चालतं. पुढं कितीही फाइलींनी इम्पोर्ट केलं तरी सगळ्यांना तेच मिळतं. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या जुन्या रिक्वायरचंही तसंच, पहिल्या खेपेला आणलेलंच साठवणीतून (कॅशमधून) परत मिळतं. म्हणजे मिसळीच्या कटाचं पातेलं एक आणि डाव पंधरा जणांच्या हातात. तिखट कुणी वाढवलं ते विचारायचं नाही, भुरकायचं.

ब्राउझरात मजा बेताचीच, एका टॅबला एकच गिऱ्हाईक. नाद खुळा कारभार सर्व्हरवर! प्रोसेस एक, मोड्यूल एक, गिऱ्हाइकं शेकडो. इचलकरंजीच्या वहिनींनी लॉगिन केलं, 'ग्राहक'मध्ये त्यांचं नाव बसलं. कोड अवेटवर डेटाबेसची वाट बघत थांबला, तेवढ्यात गडहिंग्लजच्या पाव्हण्यांची रिक्वेस्ट आली आणि नाव बदललं. आता वहिनींच्या चपला पाव्हण्यांच्या बिलात. गावाकडं असं चालतंच.

तुझ्या लॅपटॉपवर हे कधी दिसणार नाही, तिथं लॉगिन करणारा तू एकटाच. त्यामुळं 'माझ्याकडं तर चालतंय' हे अगदी खरं बोलता येतं.

रिव्ह्यू करणारा एखादा हुशार म्हणेल, इम्पोर्ट केलेल्या नावाला बाहेरून नवी किंमत देता येत नाही. बरोबर, टाइपएरर येतो. म्हणून अख्खा ऑब्जेक्टच एक्सपोर्ट कर आणि वाट्टेल त्या फाइलीतून त्याच्या पोटात हात घाल. वर 'कॉन्स्ट' लिही, लोक निर्धास्त होतात. त्यानं फक्त नाव बांधलं जातं, आतला माल मोकळाच. कुणी फ्रीझ केलं तरी वरचाच थर गोठतो, आतल्या ॲरेत (यादीत) खुशाल चपला कोंब.

टेस्ट लिहिल्याच, तर त्यांचा क्रम हलवू नकोस. पहिलीनं कार्टमध्ये टाकलेल्या जोडावर तिसरी पास होत असते. एकटी चालवली की नापास. 'फ्लेकी आहे', म्हणजे कधी पास कधी नापास, म्हणायचं आणि चहाला सुटायचं.

मग कुणीतरी सांगेलच, कार्ट तयार करणारं फंक्शन लिही, प्रत्येक रिक्वेस्टला नवी कार्ट दे आणि लागेल तिथं पॅरामीटरनं पोचव. चार ओळींचं काम. एवढ्यानं भागलं तर रात्री अकराला आपल्याला फोन कोण करणार?

तक्रारी वाढल्या की सर्व्हर रीस्टार्ट कर. मोड्यूल नव्यानं चालतं, आठवण कोरी. तरी फोन आलाच, तर गोड आवाजात सांग, "ताई, पान परत एकदा लोड करा की." तोवर तिथं तिसऱ्याच कुणाचं नाव आलेलं असतं.