क्रूझ ठरवण्याआधी घरात सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाला विचारा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. क्रूझला जायचं ठरतंय, तर भरपूर धमाल असलेलं जहाज घ्यावं की शांत? तिघांनाही फोनवर घाईघाईत काहीतरी सांगितलं आणि नंतर चुटपुट लागून राहिली. म्हणून आज नीट लिहिते. लांबलचक होईल, पण या विषयावर मला मनापासून काही सांगायचं आहे.

आमची पहिली क्रूझ कॅरिबियनची होती, सात रात्रींची. आम्ही नऊ जण होतो. जहाज दादाने आणि मी ठरवलं. मुलांना पाण्याच्या घसरगुंड्या हव्या होत्या, वहिनीला रोज रात्री शो हवा होता, मला बाल्कनी हवी होती. आई म्हणाली, "तुम्ही ठरवाल ते." आम्ही तो होकार समजलो.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि तिच्या दोन्ही कानांना मशीन आहे. ज्यांच्या घरात कानाचं मशीन नाही त्यांना एक गोष्ट सहसा माहीत नसते. आपले कान आणि मेंदू मिळून गोंगाटातून समोरच्या माणसाचा आवाज वेगळा काढतात आणि आपल्याला ते जाणवतही नाही. मशीनला ते तितकं जमत नाही. नवीन मशीनं बरीच हुशार झाली आहेत, तरी शेजारच्या टेबलावरचं हसणं, ताटल्यांची आदळआपट, मागचं संगीत असं सगळंच मोठं होऊन कानात शिरतं. जहाज खरोखर उत्तम होतं आणि त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी रात्री जेवायला बसलो असताना आईने दोन्ही मशीनं काढली, डबीत ठेवली आणि डबी पर्समध्ये टाकली. मग जेवण संपेपर्यंत ती आमच्याकडे बघून हसत राहिली. कोण काय बोलतंय हे तिला ऐकू येत नव्हतं. उरलेले चार दिवस प्रत्येक जेवणाला हेच झालं. आम्ही नऊ जण एका टेबलावर होतो आणि तिच्यापुरते आम्ही सगळे मुके होतो.

हे माझ्या लक्षात आलं ते घरी परतल्यावर, फोटो बघताना.

तेव्हापासून मी या विषयाचा बराच अभ्यास केला आणि माझे काही समज साफ चुकीचे निघाले. पहिला समज म्हणजे मोठं जहाज म्हणजे गर्दी आणि गर्दी म्हणजे गोंगाट. रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीचं 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये प्रवाशांना घेऊन निघालं. वीस डेक, सात पूल, सहा घसरगुंड्या. एका केबिनमध्ये दोघे या हिशोबाने त्यात ५,६१० प्रवासी मावतात आणि सगळ्या खाटा भरल्या तर ७,६०० पर्यंत. आकडा ऐकूनच धडकी भरते. पण जहाजाची जागा ग्रॉस टनात मोजतात (हे वजन नव्हे, आतल्या एकूण जागेचं माप आहे) आणि त्या जहाजाचे ग्रॉस टन आहेत २,४८,६६३. भागाकार केला तर माणशी चव्वेचाळीस येतात. आता हॉलंड अमेरिका या शांत समजल्या जाणाऱ्या कंपनीचं २०१६ चं 'कोनिंग्सडॅम' घ्या. सुमारे ९९,८०० टन, २,६५० प्रवासी, म्हणजे माणशी अडतीसच्याही आत. धमालवाल्या जहाजात माणशी जागा जास्त निघते! वायकिंगच्या ९३० प्रवाशांच्या 'वायकिंग स्टार'वर मात्र हाच आकडा एक्कावन्नच्या आसपास जातो.

म्हणजे जागा किती यापेक्षा ती कशासाठी वापरली आहे यावर सगळं ठरतं. एका जहाजावर मोकळ्या जागेत घसरगुंडी, मोठा पडदा आणि डीजे असतो. दुसऱ्यावर त्याच जागेत आरामखुर्च्या असतात आणि समोर कठडा. कार्निव्हलच्या २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'मार्डी ग्रा'वर तर वरच्या डेकवर चक्क रोलर कोस्टर आहे, समुद्रावरचा पहिला. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे सांगून बघा, त्याला समुद्राची आठवणही राहणार नाही. आणि त्यात वाईट काहीच नाही. टेड ॲरिसन यांनी १९७२ मध्ये एक जुनं जहाज घेऊन कार्निव्हल सुरू केली, त्याचंही नाव 'मार्डी ग्रा'च होतं. पुढे या कंपनीने आपल्या जहाजांची 'फन शिप' म्हणून जाहिरात केली, म्हणजे जहाज हीच सुट्टी. हॉलंड अमेरिकेची सुरुवात त्याच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये रॉटरडॅमला झाली. युरोपातून अमेरिकेला स्थलांतर करणाऱ्या माणसांना पोचवण्याचं काम ती करायची. गंमत म्हणजे १९८९ पासून दोन्ही एकाच मालकीच्या आहेत. ज्यांचा हाच धंदा आहे त्यांनीसुद्धा दोन्ही स्वभाव एकाच नावाखाली कोंबले नाहीत. मला हे फार बोलकं वाटतं.

दुसरा समज, मुलं नसलेलं जहाज म्हणजे शांत जहाज. वायकिंगच्या समुद्रावरच्या जहाजांवर अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, कॅसिनोही नाही आणि ती खरंच शांत असतात. व्हर्जिन व्हॉयेजेसवरही अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही, पण तिथला माहोल रात्री उशिरापर्यंत पार्टीचा. नुसता वयाचा नियम वाचून बुकिंग केलं तर फसगत व्हायची. उलट शांत जहाज म्हणजे झोपाळू जहाज हेही खरं नाही. कोनिंग्सडॅमवर संध्याकाळी ब्लूज आणि रॉक वाजवणारे बँड असतात. फरक इतकाच की संगीत त्याच्या जागी असतं आणि ज्याला ऐकायचं तो तिथे जाऊन बसतो. जेवताना, चालताना, लिफ्टसाठी थांबताना ते तुमच्या मागे लागत नाही.

आता त्या युक्तिवादाकडे येते जो मला प्रत्येक जण ऐकवतो. "अगं, मोठ्या जहाजावर शांत कोपरेसुद्धा असतात. ज्याला धमाल हवी त्याने धमाल करावी, ज्याला शांतता हवी त्याने कोपरा गाठावा. शांत जहाजावर धमाल कुठून आणणार?" ऐकायला बिनतोड वाटतं. कोपरे असतात हेही खरं. कार्निव्हलच्या जहाजांवर एकवीस वर्षांवरच्यांसाठी 'सेरेनिटी' नावाचा भाग असतो, रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर सोळा वर्षांवरच्यांसाठी 'सोलॅरियम'. छान जागा आहेत. ज्या दिवशी जहाज कुठल्याच बंदरात थांबत नाही त्या दिवशी तिथे खुर्ची मिळवायला सकाळी लवकर जावं लागतं, पण तेही सोडा.

माझं म्हणणं वेगळंच आहे. कोपऱ्यात शांतता मिळते, माणसं मिळत नाहीत. आम्ही आईला रोज त्या शांत भागात नेऊन बसवत होतो. शाल, पुस्तक, पाण्याची बाटली, सगळं हाताशी. आणि आम्ही आठ जण दुसरीकडे. आलटून पालटून कोणीतरी तिच्याजवळ जायचं, वीस मिनिटं बसायचं आणि घड्याळ बघायचं. तिला शांतता हवी होती ती आमच्याशी बोलता यावं म्हणून. आमच्यापासून लांब बसण्यासाठी तिला ती नको होती. हा फरक मला दुसऱ्या प्रवासात कळला.

दुसऱ्यांदा अलास्काला गेलो, तेही सातच रात्री, पण शांत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीचं जहाज घेतलं. या वेळी पाच जण होतो. तिथे एका डेकवर जहाजाला पूर्ण वळसा घालता येईल असा लाकडी फळ्यांचा रुंद रस्ता होता. आई आणि मी रोज सकाळी तीन फेऱ्या मारायचो. पहिल्याच दिवशी दुसऱ्या फेरीत ती बोलायला लागली. तिच्या लहानपणाचं, तिच्या वडिलांचं, तिने सोडलेल्या नोकरीचं. त्यातल्या अर्ध्या गोष्टी मी आयुष्यात कधी ऐकल्या नव्हत्या. रात्री जेवणाच्या हॉलमध्येही तिच्या कानांत मशीनं होती. सात रात्री.

ग्लेशियर बेचा दिवस तर मी विसरूच शकत नाही. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोन क्रूझ जहाजांना आत सोडतात. सकाळी उद्यानाचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती देतात. मार्जरी हिमनदीसमोर जहाज थांबलं तेव्हा शेकडो माणसं कठड्याला टेकून उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं. बर्फाचा मोठा कडा सुटताना आधी दिसतो आणि आवाज नंतर पोचतो. तिथले मूळ रहिवासी त्लिंगित लोक त्या आवाजाला पांढरा गडगडाट म्हणतात. आईने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "ऐकलं मी." कड्याबद्दल, बर्फाबद्दल ती काहीच बोलली नाही. ऐकलं, एवढंच म्हणाली.

पण या प्रवासाची दुसरी बाजू लपवली तर मी खोटं बोलले असं होईल. दादाचा मुलगा बरोबर होता, पंधरा वर्षांचा. त्याच्या वयाची मुलं जहाजावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पहिल्या प्रवासात हाच पोरगा रात्री अकराला केबिनमध्ये यायचा, चार नवे मित्र घेऊन, चेहरा फुललेला. अलास्कात तो चौथ्या दिवसापासून दुपारी झोपून काढायला लागला. तक्रार एकदाही केली नाही त्याने, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. पहिल्या प्रवासात आई जशी हसत बसली होती तसा या प्रवासात तो गप्प बसला होता. म्हणून शांत जहाज सर्वांसाठी चांगलं, असं मी म्हणणार नाही. सहा ते सोळा वयाची मुलं बरोबर असतील आणि कोणाला ऐकण्याचा किंवा गर्दीचा त्रास नसेल तर बिनदिक्कत धमालवालं जहाज घ्या. मुलांचं ते वय परत येत नाही.

तुम्ही दोघंच असाल आणि एकमेकांशी बोलायला वेळ मिळत नाही अशी तक्रार असेल, तर माझं मत ठाम आहे: शांत जहाज. जमलं तर क्युनार्डच्या 'क्वीन मेरी २' वर साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क करा. साधारण सात रात्री, मध्ये बहुतेकदा एकही बंदर नाही, नुसता अटलांटिक आणि भलंमोठं ग्रंथालय. माझं ते स्वप्न आहे, अजून जमलेलं नाही.

आणखी एक सांगते, कारण कंपनीचं नाव बघून लोक थांबतात. प्रवास किती रात्रींचा आणि कधीचा, याने नावाइतकाच फरक पडतो. तीन-चार रात्रींच्या सफरीवर माणसं कमी वेळात जास्त मजा उरकायला येतात, मग जहाज कोणाचंही असो. दहा-चौदा रात्रींच्या सफरीवर तीच कंपनी निवांत वाटते. शाळांच्या सुट्ट्यांत सगळीच जहाजं मुलांनी भरतात. केबिन घेताना डेकचा नकाशा उघडाच, आळस करू नका. वर पूलचा डेक नको, खाली थिएटर किंवा डिस्को नको, वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. अगदी पुढच्या टोकाला बंदरात शिरताना पहाटे यंत्रांची घरघर असते. कानाचं मशीन वापरणारं कोणी असेल तर थिएटरमध्ये ऐकण्यासाठी काही सोय आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. जेवणाचं टेबल भिंतीलगत मागा आणि त्या माणसाची पाठ भिंतीकडे ठेवा, मागून येणारा आवाज कमी होतो. हे आम्हाला कोणी सांगितलं असतं तर पहिल्या प्रवासातल्या चार रात्री तरी वाचल्या असत्या.

पुढच्या वर्षी पुन्हा सगळे नऊ जण जायचं घाटतंय. या वेळी मी आधी आईकडे गेले. "तुम्ही ठरवाल ते" म्हणाली, तेव्हा मी तिथेच बसून राहिले. म्हटलं, नाही, तू सांग. मला वाटलं होतं ती लगेच अलास्काचं जहाज म्हणेल. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पोरांचं जहाज घ्या. तो बिचारा मागच्या वेळी नुसता झोपून होता." आणि मग एक कागद मागून घेतला आणि तिने स्वतःच्या अटी लिहून दिल्या. केबिन दोन केबिनांच्या मध्ये. भिंतीलगतचं टेबल, सातही रात्री तेच. सकाळी नाश्त्याआधी एक तास डेकवर तिच्याबरोबर रोज कोणीतरी एक, पाळीपाळीने, आणि त्या वेळी फोन केबिनमध्ये ठेवायचा. यादीत पहिलं नाव तिने दादाच्या मुलाचं लिहिलंय.

दादाला कागदाचा फोटो पाठवलाय. टेबल आधीपासून ठरवून मिळतं का, ते विचारायला उद्या फोन करणार आहे.